आकडे न जुळणारी रायफल आणि हायवे टेन

मिसिसागाहून ओवेन साउंडच्या बाजूला लोक धबधबे बघायला जातात. आम्ही गेलो एका रायफलीचं वय आणि गोत्र विचारायला. धबधबे उत्तम आहेत, असं ऐकून आहे.

रायफल आमच्या शेजारच्या हेर्टा आजींची. त्यांच्या दिवंगत नवऱ्यानं, कार्लनं, ती वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्यांनी जमवली होती. मागचा सरकता बोल्ट विनिपेगच्या लिलावातून आणला. लाकडी दस्ता सस्कॅचवानच्या एका शेतकऱ्याकडून. त्यानं त्या दस्त्याला तार गुंडाळून त्यावर टोमॅटोचा वेल चढवला होता. नळी टपालानं आली, कुणीतरी काळा रंग फासलेली. तो रंग काढायच्या आधीच कार्ल गेले. प्रत्येक भागावर ठोकलेला क्रमांक वेगळा.

आता आजी मुलाच्या काँडोत राहायला निघाल्या होत्या आणि मुलगा श्टेफान अडून बसला होता. "बिनकागदाची बंदूक माझ्या घरात येणार नाही. सोमवारी पोलिसांना फोन करतो, ते नेऊन वितळवतील." आजी म्हणाल्या, "मग मीही येत नाही."

आजींच्या दारातला बर्फ दर हिवाळ्यात शोव्हल करणारा आमचा वसईचा फ्रान्सिस थेट माझ्याकडे आला. "शास्त्रीबुवा, तू संस्कृतवाला. जुनं वाचायची सवय आहे तुला. चल." रायफल जर्मन आणि मला जर्मन येत नाही, हे त्यानं किरकोळ अडचण म्हणून बाजूला सारलं.

तर शनिवारी सकाळी निघालो. रायफल रिकामी, पेटीत, डिकीत. इथला कायदा साधारण असा: १८९८ च्या आधीची आणि जुन्या जाड गोळीची रायफल असेल, तर ती अँटिक, परवाना लागत नाही. म्हणजे रंगाखाली काय दडलंय त्यावर सगळं अवलंबून होतं.

हायवे टेनचा रस्ता सरळ आहे. ऑरेंजव्हिलनंतर गाड्या विरळ होतात, शेल्बर्नपाशी शेतातल्या पवनचक्क्या दिसू लागतात. पेट्रोल तिथेच भरा, वॉशरूमही तिथेच उरकून घ्या. फ्रान्सिसच्या बायकोनं, एमिली वहिनींनी, मैद्याचे तळलेले गोल फुगे आणि सुकं मटण दिलं होतं. नसेल तर तिथल्या बेकरीतला बटर टार्ट खा आणि रक्तातल्या साखरेचा विचार परतीच्या वाटेवर करा.

ओवेन साउंडच्या अलीकडे डगची बंदूकदुरुस्तीची शेड आहे. डग आडवातिडवा, आवाज त्याहून आडवातिडवा. त्यानं नळीवर औषध लावलं, माझ्या हातात चिंधी दिली आणि म्हणाला, "घास, प्रोफेसर." रंग सुटू लागला. आधी एक तुरेदार, वळणावळणाचं अक्षर, मग दुसरं, मग आकडा: एकाहत्तर. म्हणजे १८७१ चा नमुना. पलीकडच्या अंगाला घडणीचं सालही त्याच दशकातलं. डगनं नळीचं तोंड मोजलं. "अकरा मिलिमीटर. अँटिक!"

फ्रान्सिसनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि उरलेला फुगा डगला दिला.

खाता खाता डग म्हणाला, "पण ही खिचडी आहे. एकही नंबर जुळत नाही. मी जुने घासून काढतो, सगळीकडे एकच नंबर ठोकतो. लाकूडही तासून नवं करतो. किंमत कुठल्या कुठे जाईल."

फ्रान्सिसचे डोळे चमकले. "कर ना! आजींना सरप्राईज."

"अजिबात नाही," मी म्हणालो. "एका पोथीची पानं चार हातांनी लिहिलेली निघाली, तर आम्ही चौघांची अक्षरं खोडून सारखी करत नाही. कुठलं पान कुणाचं, तेवढं सांगतो."

"सगळे करतात," डग म्हणाला.

"करोत. आपण नाही करायचं."

"शास्त्रीबुवा, तो एक्सपर्ट आहे रे!"

"रायफल कुणाची आहे? आजींना विचार."

फ्रान्सिसनं आजींना फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि डगची योजना सांगितली. पलीकडून आजींचा आवाज: "त्या माणसाला सांग, हात मागे घे."

डगनं खरंच हात मागे घेतला. मग कुरकुरत बारीक लोखंडी लोकरीनं फक्त गंज काढला, लाकडाला जवसाचं तेल चोळलं. तेलानं दस्त्यावरचा टोमॅटोच्या तारेचा वळ उलट जास्तच उठून दिसला. तो पुसू का, हे मात्र त्यानं विचारलं नाही.

संध्याकाळी आजींच्या टेबलावर रायफल ठेवली. श्टेफाननं ती उलटसुलट केली, रंगाखालून निघालेली अक्षरं वाचली, फोनवर कायदा तपासला. हाती काही लागेना, तेव्हा म्हणाला, "पण मम्मा, यातलं काहीच एकमेकांचं नाही."

आजींनी बोल्टवर बोट ठेवलं. "विनिपेग. गाडीचा हीटर बंद पडला होता, मी तुझ्या वडिलांशी दोन प्रांत बोलले नाही." दस्त्यावरच्या वळावर बोट. "सस्कॅचवान. त्या शेतकऱ्यानं टोमॅटोही दिले. तू मागच्या सीटवर सगळे खाल्लेस आणि तिथेच ओकलास."

आजींचं बोट नळीशी येऊन थांबलं. ती टपालानं आलेली; तिच्यासाठी त्या दोघांना कुठेच जावं लागलं नव्हतं.

"आणि ही," त्या आमच्याकडे बघत म्हणाल्या, "ओवेन साउंड."

मग मुलाकडे वळल्या. "सोफ्याच्या वर. खिळे मजबूत आण."

धबधबे आम्ही अजून पाहिलेले नाहीत. हेर्टा आजींच्या नवऱ्याच्या रायफलीत मात्र आमचा एक तुकडा आहे, आणि तोही बाकीच्यांशी जुळत नाही.