सोलापूरचा नमस्कार आणि आमचा अबोला

पुण्याहून गाडी सुटली तेव्हा माझ्याजवळ एक वळकटी, एक फिरकीचा तांब्या आणि एक निश्चय होता. सोलापूरच्या गिरणीत कारकून असलेल्या दादाशी मी सहा वर्षे बोललो नव्हतो. कारण काय, तर वडिलांचा तांब्याचा बंब त्याने न विचारता नेला. आता त्याच्या मुलीचे लग्न होते. धाकट्याने आधी वाकावे, असे आमच्या कुटुंबाने बजावले होते. मी ठरवले होते, अक्षता टाकायच्या. पण आधी बोलायचे ते दादाने.

स्टेशनवर टांगेवाल्याने 'रामराम पाव्हणं' म्हणून माझी, माझ्या मुलाबाळांची आणि तिकडच्या पावसाची चौकशी केली. पुण्यात एवढी चौकशी फक्त पोलीस करतात. वाटेत दिसेल त्याला तो रामराम घालत होता, दाढीवाल्यांना सलाम करत होता, विणकरांशी तेलुगूत बोलत होता. घोडा तेवढा अबोल होता, म्हणून मला आवडला.

दादाचे घर जवळ येऊ लागले तसा माझा धीर सुटला. पुतणीला खण घ्यायचे निमित्त काढून मी नवी पेठेत उतरलो. कपाळाला विभूती लावलेल्या दुकानदाराने हात जोडून 'शरणार्थ' (त्यांच्यातला नमस्कार) म्हटले आणि विचारले, "ऊटा आतेन्री (जेवण झालं का)?" मी खरे ते सांगितले, नाही म्हणालो. झाले! कापडाचे गठ्ठे बाजूला सरले, आतून ताट आले. कडक भाकरी, शेंगांची चटणी, वर दही. नको नको म्हणेपर्यंत पानात तिसरी भाकरी पडली.

खण घेऊन कसाबसा टांग्यात चढलो. टांगेवाला हसत म्हणाला, "सायेब, त्ये नुस्तं इचारायचं असतंय की. झालं म्हनायचं आन् फुडं चालायचं. न्हाय म्हटलं की जेवायलाच बसवत्यात."

दादा मांडवात उभा होता. त्याचे केस पार पांढरे झाले होते. मला फार वाईट वाटले. सहा वर्षे जपलेला राग कुठे ठेवला तेच सापडेना. तरी तोंड उघडेल तर शपथ! दोघेही मांडवाच्या खांबांसारखे उभे राहिलो. शेवटी दादाने घसा खाकरला.

"जेवलास का?"

हा इथला नुसता नमस्कार, हे मला आता ठाऊक होते. झालं म्हणायचे आणि पुढे चालायचे. पोटात तीन भाकरी होत्या. मी दादाच्या पायाशी वाकलो आणि म्हणालो, "नाही."

हात धुवायला दादाने स्वतः ऊन पाणी काढून दिले, त्याच बंबातले. वहिनींनी वाढले तेवढे सगळे मी निमूट जेवलो.

पुण्याला परतलो. वळकटी ठेवतो न ठेवतो तोच कुटुंबाने विचारले, "आधी कोण बोललं?"

"आधी दादाच बोलला," मी सांगितले. "मी नुसतं खोटं बोललो."