पाच रिक्वेस्ट, सहा उत्तरं

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आयुष्य प्रोग्रॅमिंगमध्ये गेलं; तिथे जे घडतं त्याला कारण असतंच, ते सापडेपर्यंत शोधायचं. हे एकच कारण मला अजून सापडलेलं नाही...

गुडगावात नवे टॉवर उभे राहत होते तेव्हाची गोष्ट. मी आणि अकोल्याचा सतीश एकाच कंपनीत, एकाच फ्लॅटमध्ये. निम्मी बिल्डिंग रिकामी. मराठी बोलायला आम्ही दोघंच.

एका पॅथॉलॉजी लॅबचं वेबपेज मी करत होतो; काम आम्ही दोघं आपसातच वाटून घ्यायचो. ब्राउझरमधली स्क्रिप्ट सर्व्हरकडे एकदम पाच रिक्वेस्ट पाठवायची आणि उत्तरं आली की रिपोर्ट दाखवायची. उत्तरं पाठवल्या क्रमाने येतात असं नाही, त्यामुळे प्रत्येक रिक्वेस्टची नोंद वेगळी ठेवावी लागते. मी घाईत सगळ्यांना एकच व्हेरिएबल, म्हणजे नोंदीचा एकच कप्पा, वापरला. डेमोत, क्लायंटसमोर, एका पेशंटचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावाखाली उमटला.

फाईलच्या माथ्यावर लिहिणाऱ्याचं नाव टाकायची आमच्याकडे पद्धत होती. मी सतीशची जुनी फाईल कॉपी करून सुरुवात केली होती, त्याचं नाव तसंच राहिलं. मॅनेजरने फाईल उघडली.

"सतीश, ये क्या लिखा है यार?"

सतीश माझ्याकडे बघत राहिला. मी मॉनिटरकडे.

घरी तो म्हणाला, "जया, पेज तर तुझं होतं ना? माझं नाव कसं त्यावर?"

"काय माहीत."

खरं तर ते नाव मला आदल्याच दिवशी दिसलं होतं. पुसायला कर्सर तिथे नेला, तेवढ्यात कुणीतरी चहाला हाक मारली आणि मी तसाच उठलो. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

सतीशची नोकरी गेली. अकोल्याला परतल्यावर महिन्याभराने त्याचा मेल आला — 'नागपूरची एक कंपनी आपल्या मॅनेजरकडे चौकशी करतेय. मॅनेजरला खरं काय ते लिही, मला कॉपी कर. बाकी काही नको यार.' मी रोज तो मेल लिहायचो आणि पुसायचो. फ्लॅटवर त्याची कॉट तशीच होती. मी तिच्याकडे पाठ करून जेवायचो.

एका शनिवारी दुपारी ऑफिसात एकटाच ते पेज दुरुस्त करत बसलो होतो. प्रत्येक रिक्वेस्टला स्वतंत्र कप्पा, स्वतंत्र नंबर. बटण दाबलं. पाच गेल्या. उत्तरं आली — तीन, एक, पाच, दोन, चार. आणि खाली सहावी ओळ. नंबरची जागा कोरी, पुढे रोमनमध्ये एकच शब्द: 'milala'.

पुन्हा चालवलं, पाचच. सर्व्हर सांभाळणाऱ्या बिष्टला फोन केला. तो लॉग बघून हसला, "सर, पाँच ही आई हैं. छुट्टी के दिन घर जाओ ना!" कुणाचं तरी टेस्टिंग राहिलं असेल म्हणून मी विषय सोडला. ना मॅनेजरला मेल गेला, ना सतीशला उत्तर.

गेल्या वर्षी त्याच्या बायकोचा फोन आला. मुलीच्या मुलाखतीसाठी त्या दिल्लीला आल्या होत्या, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाऊसमध्ये उतरल्या होत्या. सतीश जाऊन दोन वर्षं झाली होती. मला माहीतही नव्हतं. मी भेटायला गेलो.

"भाऊजी, हे तुम्हाला द्यायचं होतं," म्हणत त्यांनी पिवळा पडलेला एक प्रिंटआऊट पुढे केला. "यांनी फाईलमध्ये जपून ठेवला होता. ह्याच्यामुळेच नागपूरची नोकरी लागली."

मॅनेजरला इंग्रजीत लिहिलेला मेल. माझ्या नावाचा, माझ्या पत्त्यावरून, त्याच शनिवारचा. 'चूक माझी आहे. सतीशचं नाव मला आदल्या दिवशीच दिसलं होतं. कर्सर तिथे नेला, पण चहाला उठलो.'

"तुम्हाला उत्तर पाठवलं होतं म्हणाले. पण काय लिहावं सुचेना, म्हणून फक्त 'मिळाला' एवढंच लिहिलं. मी ओरडलेसुद्धा, अहो, आभार तरी माना!"

माझ्या मेलबॉक्समध्ये ना तो मेल आहे, ना ते उत्तर. मी तो पाठवलेला नाही. शुद्धीत तरी नाही — आणि त्या दुपारी मी पूर्ण शुद्धीत होतो. सतीशने स्वतः बनवला म्हणावं, तर चहाचं त्याला कुठून कळणार?

मी निघताना त्या म्हणाल्या, "असा मित्र कुणाला मिळतो, भाऊजी?" मुलगी पाया पडायला वाकली.

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी कागदाची घडी घालत बसलो. पहिल्यांदा माझी चूक त्याच्या नावावर जाऊ दिली, आता कुणाचा तरी चांगुलपणा स्वतःच्या नावावर येऊ दिला. तो कुणाचा, मला आजही माहीत नाही.