समोरच्या गॅलरीतलं जुनं इंग्रजी

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. परळला आमच्या समोरासमोरच्या चाळींत ते आपोआप साठत गेले, संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत आम्ही बी.ए.ला इंग्रजी घेऊन बसलो तेव्हा!

गिरगावचे आमचे सर चारशे वर्षांपूर्वीचं नाटक शिकवत. एकदा म्हणाले, "यात 'प्रेझेंटली' म्हणजे ताबडतोब. आताच्यासारखं 'थोड्या वेळानं' नव्हे."

समोरच्या चाळीतला गंगाराम उठला. "सर, चारशे वर्षांत साहेब एवढा आळशी झाला?"

सरसुद्धा हसले. गंगाराम मात्र आधीच एकदा नापास झालेला. वडिलांनी बजावलं होतं, "आता गचकलास तर माझ्याबरोबर मिलमध्ये चल!"

*

म्हणून आम्ही एक पद्धत पाडली. संध्याकाळी मी माझ्या गॅलरीतून शब्द ओरडायचा, त्यानं समोरून जुना अर्थ सांगायचा. चुकला की आमची अख्खी गॅलरी ओरडायची, "चूक!"

"सिली!"

"निष्पाप, बिचारा!"

"फॉन्ड!"

"जीव लावणारा!"

"चूक!" तो आजचा अर्थ; त्या नाटकाच्या काळी त्याचा अर्थ होता खुळा. हा एक शब्द गंगाराम रोज चुकायचा. त्याची आई मालवणीत वैतागायची, "कित्याक बोंबलतास रे तुमी?"

*

कर्फ्यू लागला तरी आम्ही थांबलो नाही. मी "ब्रेव्ह!" ओरडलो, समोरून "भपकेबाज!" आलं आणि खालचा हवालदार दणदण वर आला. माझी तर पाचावर धारण बसली.

"कसले इशारे चाललेत?"

"इशारे नाही हो, परीक्षेचा अभ्यास! इंग्रजीचा!"

"एवढे मोर्चे निघताहेत मराठीसाठी, आणि तुम्ही इंग्रजी बोंबलताय?"

*

एके दिवशी गंगाराम मोर्चाला गेला. दुपारी गोळीबाराची बातमी आली. पुन्हा कर्फ्यू. दिवेलागण झाली तरी त्याचा पत्ता नाही. समोर त्याची आई कठडा धरून उभी. खाली उतरायची सोय नव्हती आणि तिला काय म्हणावं ते सुचत नव्हतं. शेवटी मी नेहमीसारखा ओरडलो,

"फॉन्ड!"

मग त्याची आईच रडत ओरडली, "जीव लावणारा!"

"चूक!" म्हणायला कुणाचीच जीभ रेटेना.

तेवढ्यात तिच्या मागून, जिन्यातून, धापा टाकत आवाज आला,

"आये, चूक! खुळो!"