डावा खांदा

गोळी सुटली की बाई लक्ष्याकडे बघायच्याच नाहीत. मागे वळून मला विचारायच्या, "कुठे गेली?"

मी दुर्बिणीला डोळा लावून सांगायचे, "खाली. जरा उजवीकडे."

"केवढी?"

"तळहातभर."

"मग अस्वल पळालं," असं म्हणून त्या पुढचं काडतूस भरायच्या.

एकदा मी म्हणाले, "बाई, कागद आहे हो तो." त्यावर त्यांनी कानांवरचे मफ बाजूला केले आणि शांतपणे म्हणाल्या, "कागद जखमी होऊन जंगलात शिरत नाही. म्हणून तुम्हाला हसता येतं."

जपानच्या उत्तरेकडच्या एका डोंगराळ गावाजवळच्या विद्यापीठात मी अस्वलांवर संशोधन करत होते. मारलेल्या अस्वलाच्या दातावरून त्याचं वय कळतं. ते दात गोळा करायला मी रविवारी शिकाऱ्यांच्या नेमबाजीच्या रेंजवर जायचे. दोन टेकड्यांच्या बेचक्यात पत्र्याची शेड, लाकडी बाकं, समोर मातीचा उंच बांध. तिथेच बाईंची ओळख झाली. साठी ओलांडलेल्या, नवरा गेलेला, सफरचंदाची बाग एकट्या सांभाळणाऱ्या. माझं आडनाव त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून मी त्यांची 'इंदो-सान', म्हणजे 'भारतबाई', झाले. माझ्या हाती त्या चहाचा थर्मास द्यायच्या, हातमोजे द्यायच्या, पण रायफलजवळ माझा हात गेला की डोळे वटारायच्या. "परवाना नसताना हात लावलात तर तुम्हीही आत आणि मीही आत. मग बागेला पाणी कोण घालणार?"

तुम्ही त्यांना तिथे पाहिलं असतंत तर वाटलं असतं, नवशिक्या असाव्यात. खरं तर पंचवीसेक वर्षं त्या शिकार करत होत्या. आदल्या शरदात बागेत शिरलेल्या अस्वलावर त्यांनी गोळी झाडली. नेम चुकला, गोळी पोटात लागली. अस्वल देवदारांच्या रानात शिरलं. शिकाऱ्यांनी अंधार पडेपर्यंत माग काढला, पण ते सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे आजोबा चेस्टनट वेचायला गेले आणि ते जखमी जनावर त्यांच्यावर आलं. आजोबांचा जीव वाचला, चेहरा वाचला नाही.

"त्यांची बायको मुळ्याचं लोणचं घेऊन आली माझ्याकडे," बाईंनी मला सांगितलं. "म्हणाली, तुमचा दोष नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं."

नंतर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून कळलं की उजव्या डोळ्याचा पडदा मधोमध खराब होतोय. सरळ रेघ वाकडी दिसते. बाई इतके दिवस रायफलच्या दुर्बिणीला दोष देत होत्या.

दुसऱ्या कुणी बंदूक ठेवून दिली असती. पण गावात रायफलचे परवाने उरले होते दोनच. एक बाईंचा आणि एक ऑक्सिजनची नळी लावून झोपलेल्या एका म्हाताऱ्याचा. नवीन माणसाला रायफल मिळायची तर आधी कितीतरी वर्षं साधी बंदूक बाळगावी लागते. नगरपालिकेचा कारकून दर महिन्याला बाईंच्या दारात येऊन कमरेत वाकायचा. "तुमच्याशिवाय कुणी नाही."

म्हणून डाव्या डोळ्याने नेम धरायला बाईंनी रायफल डाव्या खांद्यावर घेतली.

सोपं नव्हतं ते. काडतूस भरायचा खटका उजव्या बाजूला, तो ओढायला हात आडवा न्यावा लागायचा. गाल दस्त्यावर नीट बसायचा नाही. खांदा काळानिळा व्हायचा, त्यावर त्या घडी केलेला टॉवेल ठेवायच्या. सवय व्हावी म्हणून जेवायच्याही डाव्या हाताने. एकदा चॉपस्टिकमधून निसटलेलं टोफू थेट रेंजप्रमुखांच्या बुटावर पडलं. बाईंनी गंभीरपणे विचारलं, "कुठे गेलं?" सगळी शेड हसली. त्या हसल्या नाहीत. पुढचा घास उचलायला लागल्या.

उन्हाळा सरेपर्यंत गोळ्या मध्यावर यायला लागल्या. मी तसं सांगितलं की त्या खात्री करून घ्यायच्या. "मला बरं वाटावं म्हणून बोलू नका हं, इंदो-सान."

"खरंच मध्यावर आहे."

मग त्या डोळे मिटून क्षणभर बसायच्या.

ऑक्टोबरात पाळणाघरामागच्या पर्सिमनच्या झाडाखाली अस्वल आलं. भर दुपारी. मुलांना आतल्या खोलीत नेऊन पडदे ओढले होते. पोलीस आले, कारकून आला, मलाही बोलावणं आलं. अस्वल लहान होतं, मागे मातीचा चढ, गोळी चुकली तरी कुठे जायची भीती नव्हती. परवानगी मिळाली. बाईंनी दगडी कुंपणावर रायफल टेकवली, डावा खांदा लावला.

आम्ही वाट पाहत राहिलो. अस्वल बसून फळं खात होतं. पाळणाघरातून मुलांच्या गाण्याचा आवाज येत होता. बाईंचं बोट चापावर गेलं, निघालं, पुन्हा गेलं.

मग त्यांनी गाल उचलला. हळूच मला विचारलं, "ते झाड वाकडं आहे?"

मी पाहिलं. झाड सरळ होतं.

"सरळ आहे," मी म्हणाले.

त्यांनी रायफलमधलं काडतूस काढून मुठीत घेतलं.

कारकुनाला काही कळेना. "पुन्हा एकदा बघा ना. दुसरं कुणी नाही हो आमच्याकडे."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "मुलांना बाहेर काढू नका."

शेजारच्या गावातून शिकारी येईपर्यंत अस्वल निघून गेलं होतं. आया मुलांना न्यायला आल्या तेव्हा बाई अजून कुंपणाशी उभ्या होत्या. प्रत्येकीने जाताना त्यांच्यासमोर मान झुकवली. प्रत्येक वेळी बाईंनीही झुकवली.

हिवाळ्यात त्यांनी रायफल आणि परवाना पोलिसांकडे जमा केला. मुलगी त्यांना टोकियोजवळ उरायासुला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेली. कधीमधी फोन करतात. नातवंडांचं सांगतात, समुद्राच्या वाऱ्याचं सांगतात. फोन ठेवण्याआधी गावात सगळे ठीक आहेत का विचारतात. मी हो म्हणते. त्या पुन्हा विचारतात.

या शरदात त्यांनी मला घरातली थोडी भांडी पाठवायला सांगितली. किल्ली शेजारच्या आजींकडे होती. आत गेले. बंदुकीचं पोलादी कपाट भिंतीला बोल्टने आवळलेलं असायचं, ते काढून नेलं होतं. भिंतीत भोकं राहिली होती, खाली तातामीच्या चटईवर कपाटाएवढा हिरवट चौकोन.

भांडी कागदात गुंडाळत होते तेवढ्यात गावातला भोंगा वाजला. बागांकडे अस्वल दिसलं आहे, कुणीही घराबाहेर पडू नका. पुढे काय करणार आहेत, ते काही सांगितलं नाही. तीच सूचना पुन्हा दिली, मग पुन्हा.

मी बाईंच्या घराचं दार आतून लावलं आणि भांड्यांशेजारी बसून राहिले.