खुर्ची पुसायचं फडकं

"उठ आता," मेडिकलचा मालक माझ्या लेकीला म्हणाला.

ती उठली. अंगावरचा पांढरा एप्रन काढून काउंटरवर ठेवला आणि आत गोडाऊनात खोकी फोडायला गेली. दुकान तपासून निघालेल्या ड्रग इन्स्पेक्टरची जीप अजून कोपऱ्यावर वळलीबी न्हवती.

मी दुकानाच्या पायरीवर. ड्युटी संपवून तिला घरी न्यायला आलतो. दवाखान्याच्या साथीच्या वॉर्डात मी सफाई कामगार. टीबीवाल्यांची थुंकी, पटकीवाल्यांची घाण, सगळी माझ्या हातानं निघायची.

मालकानं फिनेलचं फडकं माझ्यापुढं टाकलं.

"मामा, खुर्ची तेवढी पुसून घ्या. तुमाला सवय हाय."

मी खुर्चीकडं बघितलं. लख्ख होती.

"काय सांडलंय?"

"सांडायलाच लागतंय व्हय? गिऱ्हाईक बघतंय. बाप टीबीच्या वॉर्डात, त्यात तुमचं घर बौद्धवाड्यात. तिच्या हातची गोळी कोण गिळतंय हितं?"

एक गिऱ्हाईक हसलं. दुसरं चिठ्ठी वाचायला लागलं.

पोरगी बी.फार्मसी झालेली. आमच्या वस्तीत पहिली. दुकानाचं लायसन तिच्या जिवावर. भिंतीवर फ्रेमीत तिचं सर्टिफिकेट, त्यावर तिचं नाव, माझं नाव, आमचं आडनाव. भिंतीला ते नाव चालत होतं. हाताला चालत न्हवतं. इन्स्पेक्टर आला की खुर्ची, गेला की गोडाऊन. गोळ्या द्यायला मालकाचा मेव्हणा, दहावी नापास. हे मला त्या दिवशी कळलं. घरी तिनं कधी तोंड उघडलं न्हवतं. पगार साठवून तिला पुढं शिकायचं होतं.

काय शिकायचं, तेबी सांगतो. तिची आई टीबीनं मेली न्हाई, टीबीच्या गोळ्यांनी मेली. डोळे पिवळे झाले, अन्न पोटात ठरंना. जाईल तिथं डॉक्टरांचं एकच, "गोळ्या सोडायच्या न्हाईत." डोळे कुणी बघितले न्हाईत. पोरगी तवा शाळेत. पुढं कॉलेजात गेल्यावर एकदा म्हणाली, "आबा, कुठलं औषध कुणाला सोसतंय, कुणाला मारतंय, हे खाटंजवळ उभं राहून बघायचं काम असतं. क्लिनिकल फार्मसी म्हणतात. कर्नाटकात शिकवतात. मला साथीच्या वॉर्डात तेच करायचंय."

मी फडकं उचललं. मालकाला वाटलं, म्हातारं वाकलं. मी ते त्याच्या गल्ल्यावर ठेवलं आणि वॉर्डातल्या खाकी कपड्यांनिशी खुर्चीवर बसलो.

"ए, उठ. डोकं फिरलं का म्हाताऱ्या?"

"मामाचा म्हातारा झाला व्हय लगीच? पोरी, भिंतीवरलं काढ."

ती बाहेर आली.

"आबा, पगार बुडंल. माझी ऍडमिशन..."

"काढ म्हणतोय न्हवं."

तिनं काढलं. मालकाचा आवाज एकदम मऊ झाला. "मामा, अहो बसा की, चहा सांगतो. शटर वडायची पाळी येईल माझ्यावर."

"वड की."

त्यानंतर त्या पेठेत तिला एकानं काम दिलं न्हाई. पावणं म्हणाले, बापाच्या ताठ्यानं पोरीचं वाटोळं केलं. तिच्या फीसाठी मी दुसऱ्यांच्या पाळ्या केल्या. मेलेल्यांच्या गाद्या जाळल्या. ती कर्नाटकात गेली, शिकली. तिकडंच मोठ्या दवाखान्यात साथीच्या वॉर्डात लागली.

पहिल्याच पावसाळ्यात शेजाऱ्याच्या फोनवर तिचा फोन आला.

"आबा, औषधाचं काय बोलले की मोठे डॉक्टर आधी आडनाव विचारतात. पेशंटसमोर म्हणतात, कोट्यातली हाय, हिचं किती ऐकायचं. मी घरी येते."

"येऊ नको."

ती रडायला लागली.

"रड. पर वॉर्डात उभं राहून रड, त्यांच्या तोंडासमोर. मी मेलो म्हणून निरोप आला तरी ड्युटी टाकून यायचं न्हाई."

फोन ठेवला. शेजारीण म्हणाली, "भाऊजी, बाप हाईसा का कसाई?"

तिची आई ज्या खाटंवर मेली, तिथं उभं राहायला एक माणूस पायजे होतं. ते आता एका वॉर्डात उभं हाय. गेल्या थंडीपासनं माझ्या खोकल्यात रक्त पडतंय. तिला कळवलेलं न्हाई. कळवणार न्हाई.