बावन्न सह्या

टॉलिव्हरच्या शाळेची चार नंबरची बस एकतीस वर्षं आर्लिस व्होडेनालच्या हातात होती. भल्या पहाटे इंजिन तापवायचं, अडुसष्ट मैलांचा फेरा मारायचा, त्यातले चाळीस मैल नुसत्या खडीचे, आणि आठला दहा मिनिटं असताना मुलं शाळेच्या दारात उतरवायची. बर्फात दोनदा बस रुतली, एकदा कुंपण तोडून आलेल्या वळूनं पुढचा दिवा फोडला, पण तिच्या बसमधलं मूल सुखरूप घरी पोचलं नाही असं एकदाही झालं नाही. नेब्रास्काच्या त्या वाळूच्या टेकड्यांत माणसांपेक्षा गाई जास्त. एका घरापासून दुसरं घर चार-सहा मैलांवर. पण त्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी कधीतरी आर्लिसच्या बसमध्ये बसलेलं होतं.

राजकारणाशी तिचा संबंध नव्हता. मत द्यायची, घरी यायची आणि कुणाला दिलं ते नवऱ्यालाही सांगायची नाही. हे बदललं ते २०२४ च्या मे महिन्यात, बासष्टाव्या वर्षी.

निवृत्त शिक्षिका इमोजेन रास्क घराच्या पायऱ्यांवरून पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. आर्लिस भेटायला गेली तर बाई पलंगावरून म्हणाल्या, "फुलं तिकडे ठेव. आधी ती पाटी घे."

पाटीला चिमट्यात कागद लावलेले होते. आर्लिसला विषय माहीत होता, सगळ्यांनाच होता. आदल्या वर्षी सरकारनं कायदा केला होता की खाजगी शाळेत जाणाऱ्या मुलांची फी भरायला सरकारी तिजोरीतून मदत मिळेल. लोक त्याला सरळ व्हाउचर म्हणत. कायदा ठेवायचा की काढायचा ते जनतेच्या मतानं ठरावं म्हणून त्याच उन्हाळ्यात राज्यभर लाखावर सह्या गोळा झाल्या. रास्कबाईंनी स्वतः काठी टेकत टेकत कितीतरी जमवल्या. आणि मतदानाच्या आधीच विधानसभेनं तो कायदा मागे घेऊन जवळपास तसाच दुसरा आणला. जुन्या सह्या पाण्यात. आता नव्यानं, तेही जुलैच्या मध्यापर्यंत.

"मला भाषण करता येत नाही, बाई," आर्लिस म्हणाली.

"भाषण मागितलंय कोणी? सह्या हव्यात. प्रत्येक काउंटीचा वाटा ठरलेला आहे, आपल्या काउंटीतून बावन्न. पण सत्तर आण. कुणी जन्मतारीख विसरतं, कुणाचं नाव मतदारयादीतच नसतं, ते सगळे बाद होतात. आणि सही तुझ्या डोळ्यांदेखत व्हायला हवी. कागद कुणाकडे ठेवून यायचा नाही."

"पण मीच का?"

"कारण तुझ्या तोंडावर दार लावायची या काउंटीत कुणाची हिंमत नाही."

टॉलिव्हरची शाळा म्हणजे एकच इमारत. बालवाडीपासून बारावीपर्यंत एक्याण्णव मुलं. काउंटीत खाजगी शाळा एकही नाही, सगळ्यात जवळची चर्चची शाळा चोपन्न मैलांवर. इथला पैसा तिकडे वळला तर आधी काय बंद होईल हे आर्लिसला कुणी समजावायची गरज नव्हती. चार नंबरची बस. तिनं पाटी उचलली.

पहिला मोठा दिवस उजाडला तो मर्ल स्टॅनेकच्या रानात, वासरांना मालकीचा डाग द्यायच्या आणि त्यांचे कान कातरायच्या दिवशी. त्या दिवशी आसपासची तीस-चाळीस माणसं एकत्र येतात, कामाला हात लावतात आणि जेवून जातात. धूर, धूळ, करपलेल्या केसांचा वास आणि दोनशे वासरांचं हंबरणं. नियमाप्रमाणे सहीआधी कागदावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायचा असतो. आर्लिसनं घसा खाकरला आणि असा काही आवाज लावला की दोरीतलं वासरूसुद्धा क्षणभर गप्प झालं.

"ए आर्लिस," म्हातारा मर्ल ओरडला, "बसमध्ये बसलोय की काय आम्ही?"

"बसमध्ये असतास तर तोंडातली तंबाखू बाहेर थुंकायला लावली असती! सही करणार का?"

"आधी सांग, माझ्या करातून ओमाहाच्या श्रीमंतांच्या पोरांची फी भरायची का नाही, हेच विचारतेस ना?"

"मतदान व्हावं का, एवढंच विचारतेय. मत काय द्यायचं ते तुझं तू बघ."

"मग आण इकडे. पण हात बघ माझे."

मर्लच्या सहीवर वासराच्या रक्ताचा अंगठा उमटला. मागोमाग त्याची सून आली, मग दोघं शेजारी. तिशीतला एक जण मात्र हात मागे बांधून उभा राहिला. तो लहानपणी आर्लिसच्या बसमध्ये सगळ्यांत पुढे बसायचा. "मिसेस व्होडेनाल, तुमच्याबद्दल आदर आहे," तो म्हणाला, "पण पोरं माझी आहेत. कुठे शिकवायचं ते मी ठरवणार आणि कर मीही भरतो."

"बरोबर आहे तुझं म्हणणं," आर्लिस म्हणाली, "पण मग बाकीच्यांनाही ठरवू दे की!"

तो हसला, पण सही केली नाही. तरी संध्याकाळपर्यंत एकोणीस झाल्या. घरी परतताना आर्लिस गाडीत एकटीच मोठमोठ्यानं गात होती. नवरा लिओ पवनचक्क्या दुरुस्त करायचा, कमी बोलायचा. तिला अंगणात उतरताना बघून म्हणाला, "लॉटरी लागली का?"

"एकोणीस!" ती म्हणाली. "एका दिवसात एकोणीस, लिओ!"

दुसऱ्या दिवशी ती व्हर्ना हॉल्टोर्फकडे गेली. व्हर्ना तिची शाळेपासूनची मैत्रीण, चार मैलांवरची शेजारीण. हिची सही तर खिशातच, असं आर्लिस धरून चालली होती. व्हर्नानं कॉफी ओतली, दालचिनीचा गोड पाव पुढे सरकवला आणि म्हणाली, "पाटी गाडीतच राहू दे."

"म्हणजे?"

"म्हणजे मी सही करणार नाही. मला व्हाउचर हवंय. ब्रिनसाठी."

ब्रिन तिची नात, नऊ वर्षांची. गेल्या शरद ऋतूत तिला टॉलिव्हरच्या शाळेतून काढून त्या चोपन्न मैलांवरच्या चर्चच्या शाळेत घातलं होतं.

"अगं, पण आपली शाळा—"

"आपल्या शाळेत तीन वर्षं होती ती. तिसरीत गेली तरी एक ओळ वाचता येत नव्हती. अक्षरं उलटी दिसतात तिला. शाळा म्हणाली, थांबा, येईल हळूहळू. तिकडे पहिल्या आठवड्यात ओळखलं त्यांनी." व्हर्नाचा आवाज चढला. "तू रोज नेत-आणत होतीस तिला. मागच्या सीटवर कोण नाकात बोट घालतंय ते तुला आरशात न बघता कळतं म्हणे! मग हे कसं नाही कळलं?"

आर्लिसचा चेहरा उतरला. कारण कळलं होतं. ब्रिन कायम तिच्या मागच्या सीटवर बसायची आणि शाळेनं दिलेली चिठ्ठी शेजारच्या मुलीला हळूच वाचायला सांगायची. आर्लिसनं ते कितीदा तरी ऐकलं होतं आणि आपलं काम बस चालवणं, असं म्हणून सोडून दिलं होतं. कॉफी तशीच टाकून ती उठली. मे संपला, जून गेला, दोघी चर्चमध्येसुद्धा वेगवेगळ्या बाकांवर बसू लागल्या.

सह्या मात्र येत राहिल्या. पेट्रोल पंपावर, गुरांच्या बाजारात, एक तर दवाखान्याच्या रांगेत. जुलैत मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत सहासष्ट झाल्या. त्या दिवशी सकाळी रास्कबाईंनी मतदारयादी मांडीवर घेतली आणि तांबड्या पेन्सिलीनं एकेक नाव कापायला सुरुवात केली. हा शेजारच्या काउंटीतला. हिनं पत्ताच लिहिला नाही. ह्यानं दोनदा सही केली, गधडा. शेवटी पेन्सिल खाली ठेवून त्या म्हणाल्या, "एकोणपन्नास."

"तीन कमी?"

"तीन. आणि कागद न्यायला मोहिमेची गाडी हायवेवरच्या पंपावर चारला येणार. कुणासाठी थांबणार नाही."

अकरा वाजले होते. आर्लिस धावत पिकअपमध्ये बसली आणि चार मैलांवर, भर उन्हात, गाडीनं एक आचका दिला आणि मान टाकली. लिओ लांब दुसऱ्या काउंटीत पवनचक्कीवर चढलेला, त्याचा फोन लागेना. आणि गाडी बंद पडली ती नेमकी व्हर्नाच्या फाटकासमोर.

व्हर्ना पडवीत उभी राहून बघत होती. मग आत गेली, किल्ली घेऊन आली आणि तिचा जुना ट्रक आर्लिसच्या शेजारी येऊन थांबला.

"मी सही करणार नाही," खिडकीतून ती म्हणाली.

"मी मागितली का?"

"मग चढ वर. किती कमी आहेत?"

"तीन."

व्हर्नानं ट्रक असा पिटाळला की मागे धुळीचा डोंगर उठला. पहिल्या घरी कुत्र्याशिवाय कुणी नाही. सगळी गवत कापायला गेलेली. मग त्या सरळ कुरणात शिरल्या, ओढ्यातून ट्रक घातला. दोन भाऊ यंत्रं चालवत होते. आर्लिस टोपी हलवत गवतातून पळत सुटली, तेव्हा कुणाच्या घरी आग लागली की काय असं त्यांना वाटलं. ट्रॅक्टरच्या तापलेल्या बॉनेटवर कागद ठेवून तिनं मजकूर धापा टाकत वाचला. दोघांनी सह्या केल्या.

"व्हर्ना, तूही यांच्यात?" थोरल्यानं विचारलं.

"मी नुसती ड्रायव्हर आहे," व्हर्ना म्हणाली. "जन्मतारीख लिहिलीस का रे? पुन्हा बघ."

पावणेतीन. एक राहिली. पुन्हा खडीचा रस्ता लागला तेव्हा आर्लिसला राहवेना. "का करतेयस हे?"

"तुला मतदानात हरवायचंय मला," व्हर्ना समोर बघत म्हणाली. "गाडी बंद पडली म्हणून नाही."

आर्लिसला हसूही आलं आणि रडूही. "मला ऐकू यायचं, व्हर्ना. ब्रिनचं. मी गप्प बसले."

"ठाऊक आहे. ब्रिननं सांगितलं होतं मला. बोलू नकोस आता, वळण कुठलं ते सांग."

शेवटचं घर ओपल यंगक्विस्ट या चौऱ्याण्णव वर्षांच्या आजींचं. त्यांनी आधी सरबत प्यायला लावलं. मग एका खोलीच्या शाळेत त्या घोड्यावरून कशा जायच्या ते सांगितलं, घोड्याचं नाव आठवेना म्हणून थांबल्या, आठवल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. बाहेर व्हर्ना हॉर्नवर हात दाबून बसली होती. "कोण बोंबलतंय ते?" आजी म्हणाल्या आणि चष्मा शोधून एकेक अक्षर कोरत सही केली. तारीख, पत्ता, सगळं बिनचूक.

चारला आठ मिनिटं असताना ट्रक पंपावर पोचला. मोहिमेची गाडी उभी होती. आर्लिसनं कागद त्या तरुण बाईच्या हातात दिले आणि म्हणाली, "बावन्न! टॉलिव्हरच्या बावन्न!" मग तिथेच, पेट्रोलच्या नळीशेजारी, तिनं व्हर्नाला मिठी मारली. व्हर्ना म्हणाली, "सोड, लोक बघतायत," पण स्वतः सोडलं नाही.

नोव्हेंबरात मतदान झालं. रात्रीपर्यंत आर्लिसला धीर निघेना, पण कौल स्पष्ट आला: कायदा रद्द. टॉलिव्हरकरांनी तर भरघोस मतांनी तो फेटाळला. व्हर्नाचा फोन आला. "हरले," ती म्हणाली. "आता तू काय करणार?"

हा प्रश्न आर्लिसनं तीन आठवडे सोबत वागवला. मग डिसेंबरात शाळेच्या मंडळाची सभा होती, तिथे ती गेली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. अध्यक्षांना वाटलं बसच्या टायरबद्दल काही असेल.

"शाळा वाचवा म्हणून मी घरोघर फिरले," ती उभी राहून म्हणाली. "लोकांनी वाचवली. आता ज्या मुलांना वाचता येत नाही त्यांना कोण वाचवणार? माझ्या बसमध्ये अशी चार आहेत. नावं देऊ?"

अध्यक्ष म्हणाले, "आर्लिस, याला वेगळा शिक्षक लागतो. एवढ्याशा शाळेला कसा परवडणार?"

"शेजारच्या दोन शाळांनाही हवाय. मी विचारून आलेय. तिन्ही शाळांत मिळून एक ठेवा. त्याला गाडी नसेल तर मी नेईन-आणीन."

सगळे हसले, पण विषय टळला नाही. तासभर वाद झाला, आवाज चढले, आणि ठराव एका मताच्या फरकानं पास झाला. फेब्रुवारीत कॅन्डिस नावाची एक उंच, तोंडाळ शिक्षिका आठवड्यातले दोन दिवस टॉलिव्हरला येऊ लागली. पहिल्याच महिन्यात तिच्याकडे अकरा मुलं जमली. चार नाही, अकरा.

ब्रिन मात्र परत आली नाही. चर्चच्या शाळेत तिला मैत्रिणी मिळाल्या होत्या, आणि तिथली फी व्हर्ना अंडी आणि लोणची विकून भरत होती. आर्लिसनं एकदाच विचारलं आणि मग तो विषय सोडला. कुणी म्हणालं, एवढी धावपळ केलीस, मैत्रिणीची नातसुद्धा परत आणता आली नाही. त्यावर ती म्हणे, "ती वाचते आता. मला वाचूनही दाखवलं तिनं, अडखळली नाही फारशी." आणि हे सांगताना पुन्हा तिचा आवाज इतका चढे की दुकानातली सगळी माणसं वळून बघत.