आधी निघालेली मावशी

मामेभावाच्या लग्नाला मावशी पहाटेच्या साध्या एसटीने निघाली. आम्ही सावकाश जेवून मोटारीने निघालो आणि तिच्या आधी पोहोचलो. पिशवी सावरत ती मंगल कार्यालयात शिरली, तेव्हा पंख्याखालच्या गाद्या आमच्या बॅगांनी धरलेल्या होत्या.

"मी तर आधी निघाले होते," ती म्हणाली. आवाजात तक्रार कमी, संशय जास्त.

दूरच्या ताऱ्यांकडे माणसं पाठवण्याचे बेत वाचले की मला तिची ती नजर आठवते. यान हळू असेल तर निघणारे वाटेतच संपणार. पोहोचणार त्यांची पतवंडं, ज्यांना येता का असं कोणी विचारलेलंच नसणार. त्यातून मागे राहिलेल्यांनी दरम्यान वेगवान यान बनवलं, तर ही पतवंडं उतरतील तेव्हा पंख्याखाली दुसऱ्यांच्याच बॅगा असतील. बरं, वेगवान यानाचीच वाट पाहावी, तर त्या वेगात धुळीचा कणसुद्धा बंदुकीच्या गोळीसारखा लागतो म्हणे. हे बेत आखणारे स्वतः त्यात बसणार आहेत का, ते मात्र कुठेच लिहिलेलं नसतं.

परतताना मी मावशीला म्हटलं, "चल आमच्याबरोबर, लवकर पोहोचशील."

ती मोटारीसमोर उभी राहिली. पुढच्या काचेवर येतानाचे किडे चिकटून वाळले होते. त्यातल्या एकावर तिने नख फिरवलं.

"याला कुठे जायचं होतं, विचारलंत?" म्हणाली, आणि पिशवी उचलून स्टँडकडे चालू लागली.